केसरीनाथदादांचं ‘बगू’

पडघ्याच्या अलीकडं हायवेला लागून केसरीनाथ पाटलाची भातशेती होती. माणूस बोलायला कंजूष. कुणी धावत येऊन सांगावं, ‘दादा, बांध फुटला,’ की हा म्हणणार, ‘बगू,’ आणि फावडं खांद्यावर टाकून चालायला लागणार. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत भिवंडी पेटली तेव्हा लूमवाल्या खलीलभाईंची जुबैदा पोराबाळांसकट मागच्या दारी आली. ‘भाऊ, आमचं काय होणार?’ म्हणून रडायला लागली. ‘बगू,’ एवढंच म्हणाला आणि शहर शांत होईपर्यंत कोयता मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला. त्याची बायको पार्वती तेव्हापासून छाती काढून सांगायची, ह्यांचं ‘बगू’ म्हणजे काम झालं समजा.

त्या एका शब्दावर गडी सरपंच झाला, मग जिल्हा परिषदेत गेला, आणि एक्क्याण्णवला थेट दिल्लीचं तिकीट! पार्वती स्वतः प्रचाराला हिंडली. डोंगराखाली ठाकर आदिवासींचा पाडा होता. तिथली सरू आणि ती एकाच चिखलात भाताची आवणी केलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या.

‘वयनी, घराखालची जागा आमच्या नावावर व्हईल काय?’ सरूनं विचारलं. ‘जमीन शेठची, कवा बी उठवील आमाला.’

केसरीनाथ बाजूलाच उभा होता. म्हणाला, ‘बगू.’

‘आयकलंस ना?’ पार्वती म्हणाली. ‘आता मी हाय मधी. नीज खुशाल.’

पाड्यानं झाडून मतं दिली.

पण मेलं त्या दिल्लीत काय पाणी पाजतात कोण जाणे! केसरीनाथ खासदार होऊन परत यायचा, ओटीवर माणसं जमायची. रस्त्याला बगू, नळाला बगू, पोराच्या नोकरीला बगू. शब्द तोच, पण वहाणेत पाय काही जायचा नाही. फावडं गोठ्यात गंजलं. सरू दर पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं घेऊन यायची, जागेचं विचारायची, ‘बगू’ ऐकून समाधानानं जायची. पार्वतीच्या घशाखाली ती भाजी उतरेना. जेवताना ती नवऱ्याला टोचायची, ‘अवो, सरूचं काय केलंव?’

‘सांगितलंय ना, बगू म्हणून.’

मग काल्हेरची गोदामं हायवे धरून इकडं सरकली. शेठनं डोंगराखालची जमीन विकली. चौऱ्याण्णवच्या दिवाळीआधी पाड्यावर बुलडोझर आला. पार्वतीनं दिल्लीला फोन लावला. ‘आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगा, घरं पाडतायत!’

तिकडून आवाज आला, ‘मीटिंगमधी हाय. बगू.’

ती अनवाणी धावत गेली. पोचली तेव्हा घरांचे कारवीच्या काठ्यांचे कुड भुईसपाट झाले होते आणि सरू मातीतून आपली भांडी उपसत होती. सरूनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली. चार शिव्या हासडल्या असत्या तर पार्वतीला बरं वाटलं असतं. शब्द नवऱ्यानं दिला खरा, पण जामीन तीच राहिली होती. लाजेनं तिला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

शहाण्णवला पुन्हा निवडणूक लागली. पार्वतीनं नको नको म्हटलं तरी केसरीनाथनं तिला जीपमध्ये बसवलंच. ‘पाडा तुझा हाय,’ म्हणाला.

पाडा आता नाल्याकाठी होता, प्लॅस्टिकच्या कागदाखाली. सरू चुलीपुढून उठून आली. खासदारांनी हात जोडले. ‘सरूबाय, वळख हाय ना? मत आपल्यालाच.’

सरूनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग पार्वतीकडं.

‘बगू,’ ती म्हणाली, आणि चुलीकडं वळली. बाकीच्या बायाही एकेक करून तेच म्हणाल्या.

पार्वती खाली मान घालून जीपमध्ये चढली. जीप सुरू झाली तसा केसरीनाथ मागं रेलला, किती दिवसांनी खुशीत हसला.

‘बगितलंस?’ तो ड्रायव्हरला म्हणाला. ‘पाड्याची मतं पक्की. अख्खा पाडा बगू म्हणला. अरे, आपल्याकडं माणूस बगू म्हणला म्हंजे झालं!’

ड्रायव्हरनं आरशातून पार्वतीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाशी घट्ट धरला आणि ती बाहेर बघत राहिली.