शालनअक्कांचा एकविसावा प्रश्न

शालनअक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बंगळूरला आल्या आणि इंदिरानगरच्या बचत मार्गदर्शन केंद्रात चौकशीच्या टेबलावर ज्या बसल्या, त्या एकवीस वर्षं हलल्या नाहीत. फोन उचलायचा, मराठी माणसाला मराठीत आणि कन्नड माणसाला कन्नडमध्ये समजावायचं, आणि त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचा. अशा सतरा वह्या भरल्या होत्या. साहेबलोक त्यांना रद्दी म्हणत. म्हणोत बापडे!

१९९९ साली केंद्राची वेबसाइट आली. पुण्याहून बदलून आलेल्या पुरुषोत्तम साहेबांचं ते लाडकं लेकरू. उघडलं की आधी अध्यक्षांचा फोटो, मग अध्यक्षांचा लांबलचक संदेश, मग विभाग एक ते सात. साहेबांनी लगेच फर्मान काढलं, "यापुढे वेबसाइटवर आहे तेच खरं. फोनवरही तेच सांगायचं. आणि मार्चअखेर चौकशीचं टेबल बंद."

अक्कांची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींत होणार होती. माणसांशी बोलल्याशिवाय ज्या बाईला घास गिळत नाही, तिने काय झुरळांशी बोलायचं? अक्का घरी जाऊन ढसाढसा रडल्या. मग तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. तेच सांगते."

दुसऱ्या दिवशी पहिला फोन मूळच्या बेळगावकडच्या, पण आता बंगळुरातच राहणाऱ्या कल्लाप्पांचा. बसचे निवृत्त कंडक्टर.

"अक्का, पासबुक हरवलंय. काय करू सांगा की!"

उत्तर अक्कांना तोंडपाठ होतं. पण त्यांनी समोर वेबसाइटचा छापील कागद धरला आणि इंग्रजी संदेश मराठीत करून वाचायला घेतला. "बचतीच्या या महान यज्ञात आपले हार्दिक स्वागत..."

"अहो, पासबुक!"

"थांबा अण्णा, अजून अध्यक्षांचं बालपण संपलं नाही."

संदेश संपल्यावर अक्का गोड आवाजात म्हणाल्या, "आता तुमचा विभाग कुठला, ते साहेबांनाच येऊन विचारा."

दिवसभर प्रत्येकाला हाच प्रसाद. दुपारपर्यंत साहेबांच्या केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेबांनी ऐटीत कॉम्प्युटर लावला. वीस मिनिटं शोधत राहिले, दोनदा लाइन तुटली, पण हरवलेल्या पासबुकाचं उत्तर काही सापडेना. सापडलं ते शेवटी पाचव्या विभागात, 'दुय्यम दस्तऐवज निर्गमन' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाखाली.

"साहेब," कल्लाप्पा म्हणाले, "बसच्या पाटीवर गावाचं नाव लिहितात. ड्रायव्हरचा फोटो लावला तर मॅजेस्टिक स्टँडला जाणारा माणूस गाडीत चढेल का?"

साहेब माणूस मुळात वाईट नव्हते. संध्याकाळी त्यांनी स्वतः येऊन अक्कांकडे वह्या मागितल्या. मग वेबसाइट सांभाळणारी नागपूरची मुग्धा आणि अक्का पंधरा दिवस शेजारी शेजारी बसल्या. विभाग गेले. पहिल्याच पानावर लोकांचे वीस प्रश्न आले, त्यांच्याच शब्दांत, कन्नड आणि मराठीतही. 'पासबुक हरवलं, काय करू?' 'नवरा वारला, त्याची ठेव मला कशी मिळेल?' अध्यक्षांचा फोटो पार तळाला गेला.

साहेब हरखले. म्हणाले, "वा अक्का! आता तर टेबलाची गरजच उरली नाही."

घ्या! आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. अक्का उठल्या. थेट मुग्धाच्या कानाला लागल्या.

उद्घाटनाला अध्यक्ष आले. हॉल भरला होता, कल्लाप्पा पहिल्या रांगेत. अध्यक्षांनी पान उघडलं आणि दुसरं काही न बघता आपला फोटो शोधायला लागले. शोधत शोधत तळाला पोचले. फोटोच्या बरोब्बर वर एकविसावा प्रश्न होता. तो त्यांनी खणखणीत आवाजात वाचला.

"'वाचूनही समजलं नाही तर?' उत्तर: 'चौकशीच्या टेबलावर शालनअक्कांना विचारा. टेबल चालू आहे आणि चालूच राहील.' वा, पुरुषोत्तम! याला म्हणतात जनसेवा!"

कल्लाप्पांनी शिट्टीच मारली. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मुग्धा टेबलाखाली वाकून कसलीशी वायर शोधू लागली. साहेबांनी लालबुंद चेहऱ्याने अक्कांकडे पाहिलं.

अक्का पदर सावरत म्हणाल्या, "साहेब, वेबसाइटवर आहे तेच खरं, नाही का?"

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, पुन्हा अक्कांकडे पाहिलं.

"सरी," ते म्हणाले. बंगळूरला आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला कन्नड शब्द.