लाल रेघेवरचा काटा
परवा भाचीच्या नव्या गाडीपुढं नारळ फुटला आणि त्या वासानं नव्वदच्या दशकातली आमची जीप आठवली. बहिणीला कळा सुरू झाल्या म्हणून भिगवणहून बारामतीच्या दवाखान्यात निघालो, तर मधेच तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. “इंजिन जळंल,” म्हणत आबांनी, म्हणजे वडिलांनी, जीप थांबवली. आईनं बॉनेट उघडायला लावलं आणि तव्यावर शिंपडतात तसं इंजिनावर पाणी शिंपडलं. चर्र झालंच नाही. “कुठं तापलंय? चला!” भाची सुखरूप जन्मली, मग मी त्या काट्याचा सेन्सर शोधला. त्याची तार गंजून हिरवी पडली होती. मोरगावला दर चतुर्थीला आबा नारळाचं पाणी थेट इंजिनावर ओतायचे! परवाही ते फुटलेल्या नारळाचं पाणी घेऊन उघड्या बॉनेटकडं निघाले, तशी आईनं ते खाडकन बंद केलं.