गोल भोक

बाण अंगात शिरायच्या आधी कसा दिसतो, हे सांगायला माणूस सहसा उरत नाही. मी उरलोय, म्हणून सांगतो.

राणीसावरगावाजवळ माझी सासुरवाडी. तिथं मेहुण्याच्या उसात रानडुकरं शिरायची. साधीसुधी नव्हेत, एकेकाच्या पाठीवर दोन पोती टाकून गंगाखेडच्या बाजाराला जाता येईल, असली. त्यांना मारायला परवानगी लागते आणि ती मेहुण्याकडं नव्हती. पण परदेशातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याला धनुष्यबाणाचं खूळ लागलं.

"डुकराला हात लावायचा न्हाई, दाजी," तो मला म्हणाला. "पण बाण नीट करायला कुणाची परवानगी लागती?"

धनुष्य झकास होतं, बाण मात्र वेळूचे आणि लहरी. सुटले की मासोळीसारखी शेपूट हलवत जायचे आणि अंगणापलीकडच्या कडब्याच्या गंजीत बोटभर शिरून लोंबायचे. रात्रीच्या जेवणाला त्यानं हे रडगाणं लावलं आणि मी तोंड उघडलं. तरुणपणी बालाघाटच्या डोंगरात मी एका बाणात डुक्कर आणि त्यामागची बाभूळ एकत्र शिवली होती, असं सांगितलं. खरं तर तोवर मी धनुष्य धरलं होतं ते शाळेच्या गॅदरिंगात, पुठ्ठ्याचं. पण तेच व्हिडिओ मीही गुपचूप बघितले होते. त्यामुळं सल्ला मात्र अस्सल दिला.

"गंजीपुढं चौकटीवर कागद ताण आणि त्यातून बाण मार. लांब चीर पडली तर शेपूट डुलतंय. भोक गोल पडलं तर बाण सरळ. दोरीवर बाणाची खाच बसते ती जागा वरखाली करून बघ. दांडा चुलीच्या धगीवर शेकून सरळ कर. आणि नाकाशी वजन वाढव. जड नाकाचा बाण शिरताना थांबत नाही. आणखी एक, निशाण डुकराच्या छातीएवढं खाली ठेव."

"आयला, दाजी, तुमी तर उस्ताद निघालात! उद्या पयला बाण तुमीच मारायचा."

रात्रभर मी निमित्तं शोधत राहिलो. दुसऱ्या दिवशी जेवण उरकताच मी लघवीचं निमित्त केलं आणि गंजीमागं जाऊन लपलो.

आता आमच्याकडं गंजीचं असं असतं. घरात वैरण किती हे रस्त्यावरून दिसतं आणि सोयरीक घेऊन आलेली माणसं घर बघायच्या आधी गंजी बघतात. म्हणून पेंढ्या उपसायच्या त्या मागून. पुढची बाजू तशीच ठेवायची. चैत्र येईस्तोवर गंजी पुढून किल्ला उरते आणि मागून गुहा होते. त्या गुहेत वाकून शिरलो. आत गारवा असा, की महाबळेश्वरानं लाजावं. डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं. टर्रर्र. मग धप्.

बाहेर पडावं म्हणून बघतो तर गुहेच्या तोंडाशी, सावलीला, कुणीतरी ताजी व्यालेली म्हैस आणून बांधलेली. पायाशी रेडकू. त्याच म्हशीनं आदल्या दिवशी धारेला बसलेल्या सासूबाईंना आडवं केलं होतं. मी एक पाय बाहेर काढला. तिनं मान खाली घातली, फुरफुरली. मी पाय आत घेतला.

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "जावई कुटं गेले रं?"

"पळाले असतील," मेहुणा म्हणाला. "मी सुरू करायलोय. तू जा घरात."

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण 'पळाले' ऐकल्यावर म्हशीमागून दात काढत निघायचं कोणत्या तोंडानं? गंजी आहे ना मधे, असं मनाला म्हणालो. मग मागं हात लावून बघितला. मधे होत्या जेमतेम पेंढीभर काड्या. बाकीचा किल्ला उन्हाळाभर म्हशींनी खाल्ला होता.

टर्र. हा कागद आधीपेक्षा कमी फाटला होता. म्हणजे खाचेची जागा बदलली. माझ्या पाठीमागं काड्या करकरल्या, जसा उंदीर सरकावा. अंगावर काटा आला, तो असा की त्यावर कपडे वाळत घालावेत.

मग काही वेळ शांतता. ती सगळ्यांत वाईट. तो दांडा शेकून सरळ करत असणार, बाणावरून डोळा फिरवत असणार, मी सांगितलं तसं. मी सांगितलेली एकेक गोष्ट तो मनापासून करत होता आणि मी ती पाठीनं ऐकत होतो.

टप्. कागद फाटल्याचा आवाजच नाही. माझ्या गुडघ्याजवळ काड्यांतून एक काळं टोक बाहेर आलं आणि थांबलं.

आता मी ओरडलो. आयुष्यात एवढं कधी ओरडलो नाही. परभणीला ऐकू गेलं असेल. पण वाळला कडबा आवाज पितो आणि मेहुण्याच्या कानात व्हिडिओ ऐकायची बोंडं खुपसलेली. उत्तर दिलं ते म्हशीनं. उभं राहावं तर वर छत, आडवं पडावं तर निशाण बरोबर तेवढ्याच उंचीवर. उकिडवा बसलो, अंग चोरलं, पोरांची नावं आठवायला लागलो. धाकट्याचं आठवेना.

पलीकडून तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, "आता दाजींचं जड टोक."

आवाज झालाच नाही. काखेखाली गार झटका बसला आणि बघतो तर बाण माझा सदरा टोचून छाती आणि दंडाच्या मधून हातभर पुढं आलेला. रक्त नव्हतं. श्वासही नव्हता. आणि पलीकडं तो म्हणत होता, "अजून एक."

काय सुचलं कोण जाणे, टोकाला धरून मी बाण ओढला. पिसांसकट अख्खा आत घेतला.

पलीकडं काही हललं नाही. मग आरोळी, "आरपार गेला! आरपार!" आणि धावती पावलं, गंजीला वळसा घालून.

म्हशीला बाजूला रेटत तो डोकावला. मी बाण छातीशी धरून बसलेला. त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो तिथंच शेणात बसला.

"दाजी," तो कसाबसा म्हणाला. "अक्काला मी काय सांगितलं असतं?"

मी म्हणालो, "मागून बघत होतो. किती शिरतो ते."

"आन् धरला? हातानं?"

मी मान हलवली. होकार होता की थरथर, मलाही माहीत नाही. संध्याकाळपर्यंत जावयानं उडता बाण मुठीत पकडला, असं गावभर झालं. मी नाही म्हणालो नाही. मेहुण्यानं सगळे बाण गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले.

घरी आल्यावर बायकोनं धुवायला सदरा उचलला. काखेखाली भोक, पुढून एक, मागून एक. ती जवळ येऊन बसली. बालाघाट, डुक्कर, बाभूळ, सगळं माझ्याकडं तयार होतं. मी नुसता हात उचलून बाण कुठून गेला ते दाखवलं. ती त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. भोक अगदी गोल होतं. कुठंही चीर नव्हती.