चंपाबाईंचा औषधपाण्याचा खर्च

चंपाबाई पिशोर गावाहून शहरात आमच्या शेजारी राहायला आल्या, तेव्हा कोथिंबिरीलाही पैसे मोजायचे याचंच त्यांना हसू यायचं. मी म्हणायचे, "थांबा, इथं श्वासालाबी भाव लागंल!"

परवा घरखर्च विचारत सर्वेवाली बाई त्यांच्याकडं आली. फुकटचा तमाशा बघायला मी आधीच दारात हजर. दूध, रिक्षा, मोबाइल, लेक मोनालीची नर्सिंगची फी, सगळं लिहून झालं.

"औषधपाणी, मावशी?"

"एक रुपया नाय."

"वा! तब्येत ठणठणीत आहे म्हणजे."

माझी जीभ वळवळली. लेकीच्या फीसाठी चंपाबाईंनी तीन महिन्यांपासून शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. पायाची जखम भरत नाही, ती मोज्यात लपवतात. हे फक्त मला माहीत. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी माझा हात गच्च धरला. आत मोनाली अभ्यास करत होती.

"पोरीनं ऐकलं तर कॉलेज सोडंल," त्या माझ्या कानात म्हणाल्या.

बाईनं शून्य लिहिलं. गल्लीभर बातम्या वाटणारी मी गप्प बसले. काल ती जखम काळी पडलेली दिसली. मी अजून गप्पच आहे.