सेशेल्सला जाणारा घड

शेजारचे मास्तर रिटायर झाल्यापासून सेशेल्सचं नाव असं घेतात, जसं आपण जवळच्या खकनार गावाचं घ्यावं. येत्या सोमवारी ते कोचीला जातील आणि तिथून मित्राच्या शिडाच्या बोटीतून थेट त्या बेटांवर. आजवर तापीत पोहले, तेवढाच त्यांचा पाण्याशी संबंध. बोलता बोलता हाताला येईल त्या दोरीला ते गाठ मारतात. माझ्या स्कूटरच्या हँडलला रोज नवी गाठ असते आणि ती सोडवताना माझा जीव जळतो.

काल ते माझ्या जसोंडी गावातल्या केळीच्या मळ्यात आले. म्हणाले, "भाऊ, केळीचा असा घड दे, जो वाटेत थोडा थोडा पिकत जाईल."

समुद्रावर सडेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. तरी बागेतला सगळ्यात चांगला घड मीच कापून दिला.

तो गाडीला बांधताना ते म्हणाले, "चल ना तू पण. बोटीत एक जागा खाली आहे."

"नको मास्तर, इथं माल भरायचाय."

"हां, ते तर आहेच," म्हणत त्यांनी गाठ आवळली आणि गेले.

आपल्याकडे साध्या चहालाही माणूस आधी नकोच म्हणतो. स्वतः मास्तर माझ्या घरी तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कप हातात घेत नाहीत.