डोक्यावर पत्रा, पायाखाली साग

खोली माझ्या शिवणाच्या मशीनसाठी बांधायची, तर तिची जमीन कशाची करायची हे मी ठरवणार, असं मी एकदा जेवताना मोठ्यानं बोलून बसले. बोलले आणि माझाच घास अडकला. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. सासूनं भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

मी भंडाऱ्याकडची. लग्न होऊन सास्तूरला आले तेव्हा इथलं निम्मं बोलणं मला कळत नव्हतं आणि माझं कोणाला कळत नव्हतं. मी ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं की आळीतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. तेव्हा सासूच पुढं झाली होती. ‘तिची बोली हाय ती. तुमाला हसायचं आसंल तर तुमच्या दारात हसा,’ म्हणाली. दुसऱ्या वर्षी तिनंच शिवणाची मशीन आणून घरात ठेवली. ‘रिकामी बसली की माहेर आठवतंय तुला. चालव.’ तिचे हे उपकार मी कधी विसरले नाही. म्हणून तर तिच्यासमोर हट्ट धरणं मला जड जायचं. सातवीत शाळा सुटलेलं माणूस बोलण्याआधी दहादा विचार करतं, की आपलंच चुकत असेल.

पण जमिनीच्या बाबतीत माझं चुकत नव्हतं. घरात शहाबादी फरशी आहे आणि तिच्याखाली काळी माती. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फरशा कधी वर येतात, कधी खचतात. मशीनचा एक पाय कायम हवेत. मी त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घालायची, पायडल मारता मारता ती सरकायची, मशीन डगमगायची आणि सुई मोडायची. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडलेला असताना सुई मोडली की मला रडू यायचं. आता परसात खोली होणार म्हणून चार पोरी शिवण शिकायला येऊ का विचारून गेल्या होत्या. अजून दोन मशिनी आल्या असत्या. डगमगत्या जमिनीवर मी त्यांना सरळ शिलाई कशी शिकवणार होते?

‘फरशीच टाकू,’ नवरा म्हणाला. ‘खाली दोन ट्रॉल्या मुरूम भरू, चोपून घेऊ.’

‘घरात पण भरला होता ना मुरूम?’

‘मग काय करावं म्हणतीस?’

‘लाकडाची जमीन करू. मातीला टेकूच द्यायची नाही.’

माझ्या बापाच्या घरी धानाच्या कोठीचा तळ असाच आहे. दगडांवर आडवी लाकडं, त्यांच्यावर फळ्या, खालून वारा खेळता. बाहेर चिखल असो की भेगा, कोठी हलत नाही. हे मी सांगितलं तर नवरा हसला. ‘आगं, ती भाताची कोठी. हितं वाळवी तुझी मशीनबी खाऊन टाकंल.’

सुताराला विचारू म्हटलं. गावातले सुतार चाचा वयस्कर आहेत, बैलगाड्या बनवण्यात हयात गेलेली. ते आले, परसात फिरले आणि मी ज्याचं नाव घ्यायला घाबरत होते तिथंच जाऊन थांबले. मागच्या भिंतीलगत दगडांवर सागाच्या चार तुळया ठेवलेल्या आहेत. काळ्या पडल्यात, पण ठोकल्या तर लोखंडासारख्या वाजतात.

‘लकडी तो ये हाय, बेटी,’ चाचा हळूच म्हणाले. ‘पर ह्याला हात कोन लावंल?’

त्या तुळया जुन्या घराच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर बसलं. वर माळवद होतं, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर दोन-दोन हात पांढऱ्या मातीचा थर. ते सगळं खाली आलं तेव्हा सासूची पहिली मुलगी आत झोपलेली होती. सहा वर्षांची. नवरा त्यानंतर जन्मलेला. पडलेल्या घराचं लाकूड पुन्हा डोक्यावर घ्यायचं नाही, चुलीतही घालायचं नाही, असं इथं बरेच जण पाळतात. कोणी विकून टाकलं, कोणाचं तसंच पडून आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्या तुळयांवर बसून भाजी निवडत होते, तेव्हा सासूनं मला हाताला धरून उठवलं होतं. रागावली नव्हती. नुसतं उठवलं.

मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ती शेंगा फोडत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसले.

‘आई, त्या तुळया मला द्या. डोक्यावर नाही घेत. जमिनीला घालते.’

‘म्हंजी पायाखाली?’

‘हो.’

‘माज्या लेकराच्या घराचं लाकूड तू पायाखाली घालणार?’

आता मागं सरले असते तर पुन्हा कधीच बोलता आलं नसतं. मी म्हटलं, ‘आई, तिला लाकडानं नाही मारलं. वरच्या मातीनं मारलं. लाकूड तर शेवटपर्यंत पेलत होतं. आता त्याच्यावर ओझं नाही टाकत मी. त्याच्यावर पोरी बसतील, शिवतील.’

ती उठून आत गेली. शेंगा तशाच राहिल्या, मी फोडल्या. शेजारची काकू कुंपणापलीकडून ऐकत होती. ‘भायेरची हाय, तिला काय कळणार?’ एवढं मला ऐकू जाईल असं म्हणाली. ‘बाहेरची आहे म्हणूनच विचारलं,’ मी म्हटलं, ‘आतल्यांनी इतकी वर्षं विचारलं नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू मला परसात घेऊन गेली. तिनं एका तुळईवर हात ठेवला. ‘ही न्हाय. बाकीच्या तीन ने.’

ही का नाही, ते मी विचारलं नाही. मागून आलेला नवरा विचारणार होता, मी हातानंच त्याला थांबवलं.

आता तीनच तुळया. खोली दहा बाय आठची. चाचांनी फुटपट्टी काढेपर्यंत मी गळ्यातली शिवणाची टेप लावून मापं घेतली. ‘सुनबाई तुळईला चोळी शिवतीया,’ म्हणून चाचा हसले. पण माप बरोबर होतं. तिघींत आठ फूट म्हणजे दोघींमध्ये चार फुटांचं अंतर. तेवढ्यात फळी दबणार, मशीन पुन्हा डगमगणार. चौथं लाकूड हवंच. चाचांकडं गाडीच्या दांडीसाठी वाळवून ठेवलेली बाभळ होती.

‘बाभळ गाडीला लावत्यात, घराला न्हाय,’ नवरा म्हणाला.

‘माझी मशीन पण गाडीच आहे. पाय मारल्याशिवाय कुठं चालते?’

चाचांनी बाभळ तासून सरळ केली. लाकडांना गाडीचं जळकं ऑइल पाजलं, खाली घडीव दगड ठेवले आणि वर कडुलिंबाच्या जाड फळ्या मारल्या. लिंबाला वाळवी सहसा जात नाही. नवरा मुद्दाम मध्यभागी उभा राहून उड्या मारून बघत होता. जमीन हलली नाही. तो म्हणाला, ‘बरी झालीय.’ त्याच्या तोंडून तेवढं पुष्कळ.

छताला फारसं भांडावं लागलं नाही. स्लॅब टाकू, पुढंमागं वर खोली चढवता येईल, असं नवऱ्याच्या मनात होतं. पण सासू अजून घरात पंखासुद्धा लटकवू देत नाही, तर स्लॅबखाली ती कशी येणार? लोखंडी चौकोनी पाइपाचा सांगाडा, वर पत्रा आणि उन्हासाठी पत्र्याखाली बांबूचे तट्टे, असं ठरलं. वेल्डरकडून मी प्रत्येक पाइपाला पत्रा आवळून धरणारे हुकाचे बोल्ट जास्तीचे मारून घेतले. तो वैतागून म्हणाला, ‘वहिनी, विमान करायचंय का?’

पत्रे चढले त्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन परसात आले तर सासू खोलीपासून दहा पावलांवर उभी होती आणि वर बघत होती. पत्र्यावर चारी कोपऱ्यांना चार धोंडे ठेवलेले. नवऱ्यानं ठेवले होते. इथं सगळेच ठेवतात, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. दगडांखाली घरंच्या घरं गेली त्या गावात पत्र्यावर दगड ठेवतात, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.

‘दगड खाली काढा,’ मी म्हटलं.

‘आगं, वारं सुटलं मंजी? समद्यांच्या घरावर हायेत.’

‘बोल्ट कशाला मारले मग?’

‘राहू दे की. कुनाला काय करत्यात ते?’

मी चहाचा ट्रे खाली ठेवला, साडी खोचली आणि शिडीवर चढले. मला उंचीची भीती वाटते. विहिरीत वाकून बघत नाही मी. पण चढले, आणि एकेक धोंडा ढकलून खाली पाडला. धप्, धप्. शेजारची काकू बाहेर आली, वेल्डर हातातलं काम टाकून बघत राहिला. नवरा खालून ओरडत होता, ‘सरक, पडशील, बाई!’ चौथा धोंडा जड होता, तो पायानं लोटला.

खाली आले तेव्हा सासू पडलेल्या धोंड्यांकडं बघत होती. मला वाटलं, आता ही बोलणार, गावासमोर नवऱ्याचं ऐकलं नाही म्हणून.

‘दोन चपटे हायेत,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘दाराम्होरं लाव. जमीन हातभर वर घेतलीया, मी काय उडी मारून चढू?’

त्यानं मुकाट्यानं लावले. ती दगडावर पाय देऊन चढली, दाराची चौकट धरली, आधी वरच्या पाइपांकडं नीट बघून घेतलं आणि मग आत आली. दाराजवळच बसली, पाठ भिंतीला न टेकता. फळीवरून तळहात फिरवला. कुठली तुळई कुठं आहे ते तिला न सांगता कळलं असावं.

मग कमरेची पिशवी सोडून तिनं हिरव्या खणाचा तुकडा काढला आणि माझ्यापुढं टाकला.

‘पयलं माजं शिव. आन् गळा लई खाली घेऊ नगंस.’