चौदा फुलांची ओळ

विमलआत्या पडल्याची बातमी मला कॉलेजच्या फाटकावर मिळाली. माझ्या हातात फीवाढीविरुद्धची पत्रकं होती, आणि ती आदल्या दिवशी तिनंच जुळवली होती. आमच्या प्रेसमधले मशीनवाले शंकरराव सायकलवरून आले, उतरले नाहीत, एक पाय जमिनीला टेकवून म्हणाले, "रेखाताई, बाई पडल्या. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं त्यांले." शुक्रवारची दुपार होती. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर बाबांना विचारत होते, "रक्तदाबाच्या गोळ्या नियमित चालू होत्या ना?" आणि बाबा, तिचे सख्खे मोठे भाऊ, म्हणाले, "कसल्या नियमित, साहेब. चहा ठेवून विसरायची ते." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं...

त्या हललेल्या मानेत एक निकाल लागला. पुढचे पंधरा दिवस तोच निकाल आमच्या ओट्यावर, गल्लीत, नातेवाइकांच्या तोंडी फिरत राहिला. गोळी घेतली असती तर वाचली असती. स्वभावच तसा होता तिचा. वेंधळी होती बिचारी. म्हणजे आयुष्यभर जे तिच्या माथी मारलं, तेच मरणावरही मारून मोकळे झाले सगळे. मला शोक करणं जमत नाही. मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झालेली मुलगी आहे, मला पत्रक काढता येतं. तेव्हा हे त्या निकालाविरुद्धचं माझं पत्रक समजा. पुरावा आहे माझ्याकडे, आणि तो मी शेवटी मांडणार आहे.

आमचा प्रेस लकडगंजमध्ये, दोन आरागिरण्यांच्या मधोमध. शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या चार केसी, म्हणजे खणाखणांच्या उथळ पेट्या, पायानं चालवायचं एक छपाईयंत्र, ट्रेडल, आणि सगळ्यावर लाकडाच्या भुशाचा बारीक थर. लग्नसराईत लग्नपत्रिका, बाकी बारा महिने सभा, मोर्चे, निषेध, आवाहनं. विमलआत्या कामठीच्या सासरहून दीड वर्षात परत आली होती. दूध उतू घालवते, दार उघडं टाकते, बोलता बोलता उठून भलतीकडे निघून जाते, ही तिच्यावरची कलमं. ती स्वतः हसून सांगायची, "त्यांचं माझ्याशी भांडण नव्हतं वं, दुधाशी होतं." बाबांनी तिला ठेवून घेतलं आणि खिळे जुळवायला शिकवलं. तिला शिकवायला आठवडा लागला नाही. केसकडे न बघता तिची बोटं खिळे उचलायची, हातातल्या स्टिकमध्ये, खिळे रचायच्या त्या छोट्या लोखंडी चौकटीत, ओळ उभी राहायची, आणि तेव्हा तिला आरागिरणीचा आवाजही ऐकू यायचा नाही. शेजारी डबा थंड होऊन जायचा. तीन हाका मारल्यावर ती अशी दचकायची, जसं कुणी तिला दुसऱ्या गावाहून ओढून आणलं आहे!

पण केसपासून दूर झाली की तिचा दिवस तिच्या हातात राहायचा नाही. साखर आणायला निघालेली आत्या वाटेत आरागिरणीवरच्या एका बाईला गावाकडचं पत्र वाचून दाखवायला थांबे, तिचं उत्तर लिहून पोस्टात टाकायला जाई, पोस्टात तिला आठवे की कुणाच्या तरी मुलीला बघायला पाहुणे यायचे आहेत, तिथून ती तिकडे. दोन तासांनी घरी यायची ती साखरेशिवाय, पण सगळ्या वस्तीची खबर घेऊन! एका वेळी तीन गोष्टी सांगायची, तिन्ही मधूनच सोडायची, आणि तुम्ही उठायला लागलात की तिन्हींचे शेवट एकदम सांगायची. तिच्यासारखं मजेदार माणूस मी पाहिलं नाही. आणि तिच्याइतकं स्वतःवर चिडलेलंही... एकदा स्टोव्हवर करपलेलं भांडं घासता घासता ती मला म्हणाली, "माझ्या डोक्यात इतवारीचा बाजार भरला आहे, रेखा. अन् सारे दुकानदार एकाच वेळी मलेच आवाज देऊन राहिले. कोणाकडे जाऊ सांग?"

या गोष्टीला नाव असेल तर मला ठाऊक नाही. मेडिकलला शिकणाऱ्या एका मित्राला विचारलं, तो म्हणाला, अशा लहान मुलांबद्दल पुस्तकात काहीतरी आहे, मोठ्या माणसांबद्दल त्याच्या वाचनात नाही. मी त्याला म्हटलं, मग ही मुलं मोठी झाली की जातात कुठे? याचं उत्तर मी देते. ती कामावरून काढली जातात, सासरहून परत पाठवली जातात, आणि त्यांना वेंधळी, आळशी, बेजबाबदार ही नावं मिळतात. पाय मोडलेल्याला, तो धावत नाही म्हणून, आपण शिव्या देत नाही. आत्याला मात्र रोज दिल्या, आणि देणाऱ्यांत मीही होते.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. वस्तीतल्या नळाला पाणी यावं म्हणून बायकांचा मोर्चा निघायचा होता आणि त्याचं पत्रक आमच्याकडे आलं. मजकूर आत्यानं जुळवला, मथळा असा ठसठशीत लावला की वाचणाऱ्यानं थांबलंच पाहिजे. मोर्चाची तारीख मात्र नक्की व्हायची होती. तिथं तिनं कोरी जागा सोडली, बाबांना विचारून भरू म्हणून. मग कुणीतरी हाक मारली, मग चहा आला, मग एक लग्नपत्रिका घाईची निघाली. हजार पत्रकं छापून झाली, वाळली, गठ्ठे बांधले गेले, आणि न्यायला आलेल्या बाईंनी उभ्या उभ्या वाचून विचारलं, "मोर्चा कधी आहे, हे पाहणाऱ्यांनी ओळखायचं काय?"

बाबा तेव्हा जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहिते, "उद्यापासून केसले हात लावू नको. स्वयंपाक कर." आत्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती केस गेली असती तर तिच्याजवळ काय उरलं असतं? ज्या कामात तिला कुणी वेंधळी म्हणू शकत नव्हतं असं जगात तिचं ते एकच काम होतं.

"मी विसरली नाही, दादा. मले फक्त आठवलं नाही गा," ती म्हणाली. बाबा आणखी भडकले. आत्यानं मग तारखेची ओळ जुळवली, दोऱ्यानं घट्ट आवळली, शिक्क्याच्या जांभळ्या शाईची गादी घेतली, आणि पहिलं पत्रक पुढे ओढून हातानं तारीख मारली. मग दुसऱ्यावर. मी शेजारच्या लाकडी स्टुलावर बसून तिला एकेक कागद सरकवत होते. पाच मिनिटं एका जागी न टिकणारी ती बाई दुपारी एकपासून सहापर्यंत हलली नाही. हजार तारखा, सगळ्या थोड्या वाकड्या, सगळ्या जांभळ्या! चूक ती चूकच होती, तिचं कौतुक मला करायचं नाही. पण ती चूक तिनं एकटीनं, त्याच दिवशी, स्वतःच्या हातानं भरून काढली, हे बाबांनी पाहिलं आणि स्वयंपाकाचा विषय पुन्हा काढला नाही.

त्या संध्याकाळी बोटं धुता धुता ती मला म्हणाली, "तू बाजूले होती म्हणून झालं." मी म्हटलं, मी काय केलं, कागद सरकवले. "तेच तर. कागद नसते सरकवले तरी चाललं असतं. बाजूले कोणी बसलं असलं की माझं डोकं घरी राहते." तिनं स्वतःला नीट न्याहाळलं होतं, एखाद्या यंत्राचा बिघाड शोधावा तसं, रागावल्याशिवाय. त्या दिवसापासून स्टूल केसशेजारी कायमचं आलं. पत्रकाची शेवटची तपासणी असली की ती मला बोलवायची, "बस इथं. बोलू नको. अभ्यास कर तुझा." मी माझी पुस्तकं वाचायची, ती येरझाऱ्या घालत प्रूफ मोठ्यानं वाचायची, कारण बसून वाचलं की तिला अक्षरं दिसत पण अर्थ पोचत नसे. बाबा त्या स्टुलावर कधी बसले नाहीत. ते म्हणायचे, मोठ्या बाईले राखणदार लागते काय?

ओल्या प्रुफांसाठी प्रेसमध्ये एक दोरी बांधलेली होती. आत्यानं तिचा अर्धा भाग स्वतःसाठी घेतला. करायचं काम एकेका चिठ्ठीवर, चिठ्ठी चिमट्यानं दोरीवर. डोक्याच्या उंचीवर, येता-जाता कपाळाला लागेल अशी! "वहीत लिहिलं की वहीच सापडत नाही. हे मले येऊन मारते," असं ती सांगायची. काम झालं की चिठ्ठी फाडून टाकायची, आणि फाडताना तिच्या तोंडावर जो विजय असायचा तो मी मोठमोठ्या सभांतल्या वक्त्यांच्या तोंडावरही पाहिला नाही. त्या काही वर्षांत आमच्याकडून बिनतारखेचं पत्रक पुन्हा गेलं नाही.

यंदा होळीच्या सुमाराला तिला चक्कर आली. धंतोलीच्या डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, सकाळ-संध्याकाळ गोळी दिली. बाबा घरी येता येता म्हणाले, "ही घेणार अन् मी पाहणार." त्यानंतर काही दिवसांनी दोरीवर एक नवीन गोष्ट दिसू लागली. लग्नपत्रिकेच्या किनारीला लावतात त्या बारीक फुलांच्या खिळ्यांची एकच ओळ, कागदाच्या पट्टीवर छापलेली. दर आठवड्याला एक पट्टी. मधे कुठे कुठे फुलाच्या जागी रिकामं. बाबा वैतागायचे, काम सोडून किनारीचे नमुने काढून राहिली म्हणून. ती नुसती हसायची. मलाही वाटलं, आत्याला नवं खूळ लागलं... मी विचारलं नाही. रोज त्या पट्ट्या माझ्या कपाळाला लागत होत्या आणि मी विचारलं नाही, हे मला जाहीरपणे लिहिलं पाहिजे.

तिला जाऊन तीन आठवडे झाल्यावर मी तिची केस आवरायला गेले. वरच्या खणात एक पत्र्याची डबी होती. उघडली. आत पाच गोळ्या आणि फुलांचे पाच खिळे. झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार काहीतरी घेऊन तिनं कोरलं होतं, गोळी आधी, फूल मग. शेजारी तिची स्टिक होती, आणि त्या स्टिकमध्ये अर्धवट ओळ. मी मोजली. नऊ फुलं.

मी तिथंच ओरडले असेन, कारण शंकररावांनी ट्रेडल थांबवलं. मग मी बाबांना हाताला धरून आणलं. म्हटलं, "बसा इथं. बोलू नका काही." आणि ते पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. मी दोरीवरच्या पट्ट्या एकेक काढून त्यांच्या मांडीवर ठेवत गेले. दर सोमवारी डबीत चौदा गोळ्या आणि चौदा फुलं. गोळी घेतली की एक फूल ओळीत. विसरली की त्या जागी कोरा, काहीच न उमटवणारा शिशाचा तुकडा, म्हणून रिकामी जागा. पहिल्या पट्टीत पाच रिकाम्या जागा होत्या. तिनं त्या लपवल्या नाहीत, छापून सगळ्यांच्या डोक्यावर टांगल्या. मग तीन, मग दोन, मग एखादी. शेवटच्या दहा पट्ट्यांत चौदाच्या चौदा फुलं, एकही जागा रिकामी नाही. आणि या स्टिकमध्ये सोमवारपासून गुरुवारपर्यंतची आठ, शुक्रवारच्या सकाळचं नववं. दुपारी ती गेली. शुक्रवारच्या संध्याकाळची गोळी डबीत आहे, कारण शुक्रवारची संध्याकाळ तिला मिळालीच नाही.

बाबा पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरनं लिहून घेतलं होतं ना माझं बोलणं? उद्या जातो. खोडून आणतो."

ते उठले आणि त्यांनी स्टिक हातात घेतली. ओळ घट्ट भरल्याशिवाय छापता येत नाही, खिळे निसटतात. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात कोऱ्या तुकड्यांच्या खणाकडे गेला. पाच तुकडे त्यांनी उचललेही... आणि थांबले. आत्याच्या ओळीत कोऱ्या तुकड्याचा अर्थ काय, हे त्यांना आत्ताच कळलं होतं. त्यांनी तुकडे परत खणात टाकले, स्टिकचा स्क्रू सैल केला, ओळीची लांबी ठरवणारं माप आत सरकवलं, आणि नऊ फुलांवर आणून घट्ट पिळलं. मग ओळ गॅलीच्या पत्र्याच्या तबकात उतरवून त्यांनी शाई फिरवली, कागद दाबला, आणि पट्टी दोरीच्या शेवटी लावली, डोक्याच्या उंचीवर, येता-जाता कपाळाला लागेल अशी. बाकीच्या पट्ट्यांपेक्षा ती आखूड आहे. पण भरलेली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.